पैसा गेला किंवा पत बिघडली, तर दाद कुठे मागावी?

व्यापारात भांडवलापेक्षा पत मोठी, असे आपले बुजुर्ग सांगत आले. सुरत किंवा इचलकरंजीचा ठोक व्यापारी नांदेड-लातूरच्या दुकानदाराला कापडाचे गठ्ठे उधारीवर पाठवतो, ते त्याच्या पतीवरच. आता ही पत संगणकातही नोंदली जाते आणि पैसा गल्ल्यापेक्षा मोबाईलमधून अधिक फिरतो. चोराला कुलूप तोडावे लागत नाही आणि पतीवर डाग पाडणारी नोंद आपल्या नकळत होते. या दोन्ही प्रसंगी कायद्याने आपल्याला हक्क दिले आहेत. मात्र मुदतीत आणि लेखी तक्रार करणाऱ्यालाच त्यांचा उपयोग होतो.

जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे सुमारे साडेचौदा कोटी रुपये आयडीबीआय बँकेतील तिच्या खात्यातून परस्पर लांबवले गेले. बँकेसारखी बँक जिथे फसते, तिथे वजीराबादच्या किंवा गंजगोलाईच्या दुकानदाराने गाफील राहून कसे चालेल?

पैसे गेल्यावर पहिले तीन दिवस

खात्यातून रक्कम गेल्याचा संदेश दिसताच प्रथम १९३० या क्रमांकावर फोन करावा. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतो. तो वाटेतच अडवला गेला तर परत मिळण्याची आशा असते. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. त्याच दिवशी बँकेला लेखी कळवून अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. शाखेत तोंडी सांगितलेले पुढे कोणी मान्य करीत नाही.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघाले. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तरीही पूर्ण रक्कम बँकेने द्यायची. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवल्यास बचत खातेदार व लहान उद्योजकाच्या चालू खात्यावर दर व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार येतो. त्यानंतर सारे बँकेच्या धोरणावर. हे धोरण शाखेतून मागून घ्यावे. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकलेली आहे.

एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. ओटीपी किंवा पिन आपणच दुसऱ्याला सांगितला, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून चूक झाली तरी लाजेने गप्प बसू नये.

हा नियम व्यापारी खात्यालाही लागू पडतो. १ ऑक्टोबर २०२२ रोजी एका आयुर्वेदिक औषध कंपनीच्या खात्यातून ७६ लाख ९० हजार रुपये गेले. लोकपालाने तक्रार फेटाळली. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि १३ जून २०२४ रोजी न्यायालयाने याच परिपत्रकाच्या आधारे बँक ऑफ बडोदाला सहा आठवड्यांत रक्कम परत करण्यास सांगितले.

पत अहवालातील चूक

कर्जदारांची माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. त्यांच्यावर २००५ चा कायदा लागू आहे. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो कर्ज मागण्याआधी पाहावा, नकार आल्यावर नव्हे.

मराठवाड्यात आपल्या नावांची एक वेगळीच अडचण आहे. 'शेख रफिक शेख हुसेन' हे नाव शाळेच्या दाखल्यावर एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या आणि पॅनवर तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले असते. त्याच नावाचे आणखी काहीजण त्याच शहरात राहतात. अशा वेळी दुसऱ्याचे थकीत कर्ज आपल्या अहवालात दिसू शकते. फेडलेले कर्ज बाकी दाखवले जाते. जामीन राहिलेले कर्जही अहवालात येते. बचत गटातील भगिनींनीही आपापला अहवाल पाहावा.

चूक दिसल्यास त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या बँकेकडे, दोन्हीकडे लेखी हरकत घ्यावी. सोबत बेबाकी प्रमाणपत्र जोडावे. बँकेच्या दुजोऱ्याशिवाय कंपनी नोंद बदलत नाही. निपटारा ३० दिवसांत झाला पाहिजे. तो न झाल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. मात्र तडजोडीत कमी रक्कम भरून कर्ज मिटवले असेल, तर 'सेटल्ड' ही नोंद चूक ठरत नाही.

पुढचा दरवाजा कोणता?

बँकेने किंवा पत माहिती कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकिलाची गरज नाही. अर्ज चंदीगडच्या केंद्राकडे टपालाने कोणत्याही भाषेत पाठवता येतो. मराठीत लिहा किंवा उर्दूत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाहीत. त्यांची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करावी.

ग्राहक आयोगाचे दार सर्वांना उघडे नाही, हे व्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. एका जाहिरात कंपनीने १० कोटींचे कर्ज तडजोडीने मिटवले, तरी सेंट्रल बँकेने तिला सिबिलकडे थकबाकीदार दाखवले. राष्ट्रीय आयोगाने ७५ लाखांची भरपाई दिली, पण २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. कर्ज नफ्याच्या धंद्यासाठी होते, म्हणून कंपनी 'ग्राहक' ठरली नाही. उलट स्वतःच्या पोटापाण्यासाठी शिलाई मशीन घेणाऱ्या कारागिराला कायदा ग्राहक मानतो; त्याने जिल्हा आयोगात जरूर जावे. ठोक व्यापाऱ्याने तिथे वेळ घालवण्याआधी लोकपाल किंवा दिवाणी न्यायालयाचा विचार करावा.

उधारीची वही आपण जपून ठेवतो. तशीच कर्जाची कागदपत्रे, बेबाकी प्रमाणपत्रे, तक्रारींच्या पोच आणि दरवर्षीचा पत अहवाल एका फाईलीत ठेवावा. घरातील एखाद्या शिकलेल्या मुला-मुलीकडे हे काम सोपवले तरी चालेल.