‘रक्त कमी आहे’ म्हणजे काय?

आपल्या अमरावती-अकोल्याकडे कोणी थकले, फिके पडले की आपण ‘रक्त कमी आहे’ म्हणतो आणि टॉनिकची बाटली आणतो. परंतु यामागे निरनिराळी कारणे असतात. त्यांपैकी दोन आपण समजून घेऊ या.

पहिले, लोहाची कमतरता. त्यासाठी ज्वारीची भाकर, हरभरा, पालेभाज्या खाव्यात. वरून लिंबू पिळावे. त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते. जेवणावर लगेच घेतलेल्या चहातील टॅनिन मात्र ते अडवते.

दुसरे, सिकलसेल. विदर्भात आदिवासी बांधवांप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही हा आनुवंशिक आजार आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात; हाडे-सांधे असह्य दुखतात. केवळ आहाराने तो बरा होत नाही. नव्या पेशी घडण्यास फॉलिक अ‍ॅसिड लागते, म्हणून डॉक्टर त्या गोळ्या देतात. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय घेऊ नयेत.

आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून सोयरीक जुळविताना दोघांचीही रक्ततपासणी करावी, अशी आमची विनंती आहे. वाहक म्हणजे रोगी नव्हे. कोणाला हिणवू नये. बाबासाहेबांनी दिलेल्या विज्ञाननिष्ठ धम्माचे हे साधे आचरण होय.