मुरुमांवरील संप्रेरक-औषधे आणि सांगण्याचे धैर्य

स्मरणिकेत शाळेच्या वाटचालीवर आणि विद्यार्थ्यांच्या यशावर लिहिण्याची प्रथा आहे व ती योग्यच आहे. आम्ही मात्र येथे एका किरकोळ वाटणाऱ्या विषयावर लिहीत आहोत. चेहऱ्यावरील मुरुमे, त्यांच्यासाठी घेतली जाणारी संप्रेरकांची औषधे आणि त्या औषधांचे दुष्परिणाम हा तो विषय. आम्ही वैद्य नाही. इतिहासाचे शिक्षक आहोत. परंतु निवासी शाळेत मुलींचे आजारपण आधी शिक्षकांपर्यंत आणि नंतर घरी पोहोचते. मागील काही वर्षांत आमच्यासमोर आलेल्या दोन प्रसंगांनी आम्हाला या विषयाचा अभ्यास करायला लावले. त्या दोघींच्या संमतीने, त्यांची ओळख न देता, ते प्रसंग येथे सांगत आहोत.

पहिली मुलगी नववीत होती. तिच्या गालांवर मुरुमे उठली होती. सुट्टीत घरी गेली असता नात्यातील एका बाईंनी मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. आठ दिवसांत चेहरा स्वच्छ झाला, रंगही उजळल्यासारखा दिसू लागला. तिने ती ट्यूब संपली की दुसरी, अशी चार महिने लावली. नंतर पैसे नव्हते म्हणून लावणे थांबवले. चेहरा लालबुंद झाला, आग होऊ लागली, पूर्वीपेक्षा मोठ्या पुटकुळ्या आल्या आणि गालावर बारीक लव वाढली. ती ओढणीने तोंड झाकून मागच्या बाकावर बसू लागली. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात तिचे भाषण ठरलेले होते. तिने पोटदुखीचे कारण सांगून नाव मागे घेतले. आम्ही त्या वेळी तिला काय म्हणालो, हे लिहिणे प्रामाणिकपणाचे होईल. “चेहऱ्याकडे कसले लक्ष देतेस, अभ्यासाकडे दे,” असे आम्ही म्हणालो. त्यानंतर दोन महिने ती आमच्याशी त्या विषयावर बोलली नाही.

मुरुमे का येतात

त्वचेच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी तेल तयार करणारी एक बारीक ग्रंथी असते. वयात येताना शरीरात पुरुषी संप्रेरकांचे, म्हणजे अँड्रोजनचे प्रमाण वाढते. नाव पुरुषी असले तरी ही संप्रेरके मुलींच्या शरीरातही असतात. त्यांच्यामुळे तैलग्रंथी अधिक तेल सोडू लागतात. केसाचे छिद्र मृत पेशींनी बुजते, आत तेल साठते, त्वचेवर नेहमीच राहणारे जिवाणू तेथे वाढतात आणि सूज येते. हीच तारुण्यपिटिका. ती अस्वच्छतेने येत नाही आणि कोणाच्या वर्तनाशीही तिचा संबंध नसतो. पाळी अनियमित असेल, अंगावर लव वाढत असेल आणि मुरुमे हटत नसतील, तर पीसीओएस या नावाने ओळखला जाणारा बीजकोशांचा विकार आहे का, हे डॉक्टर तपासून पाहतात.

बहुतेक मुलांमुलींना लावण्याच्या साध्या औषधांनी गुण येतो. काहींना येत नाही. तेथे संप्रेरकांचा विचार सुरू होतो.

मलमातील संप्रेरक

त्या नववीतील मुलीच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते. आपल्या मूत्रपिंडांवरील ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करतात. ही मलमे त्याचीच भावंडे होत. या कुळातील संप्रेरकांच्या शोधासाठी केंडल, राइकश्टाइन व हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९५२ पासून त्वचारोगांत अशी मलमे वापरात आली. इसबासारख्या रोगात, थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती फार उपयोगी आहेत. मुरुमांवर मात्र ती केवळ सूज दाबतात. त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते. मलम थांबवताच दाबलेली सूज उसळून वर येते. म्हणून माणूस ते पुन्हा लावतो आणि त्यात अडकतो.

हा एकट्या मुलीचा अनुभव नव्हे. देशातील निरनिराळ्या केंद्रांतील त्वचारोगतज्ज्ञांनी केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइडचे मलम लावत होते. त्यांपैकी १०४ जणांनी ते मुरुमांसाठी लावले होते. १२६ जणांनी गोरेपणासाठी, नेहमीचे क्रीम म्हणून किंवा दाढीनंतर. २५७ जणांना ते डॉक्टरांव्यतिरिक्त इतर कोणी सुचवले होते. ३९२ जणांना दुष्परिणाम झाले होते आणि त्यांतील सर्वांत अधिक आढळलेला दुष्परिणाम होता मुरुमे येणे किंवा असलेली वाढणे. ज्यासाठी मलम लावले, तेच मलमाने वाढवले.

२०१८ साली केंद्र सरकारने अशा स्टेरॉइड मलमांना अनुसूची ‘एच’मध्ये आणले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. कायदा झाला, परंतु ट्यूब अजूनही हातोहात मिळते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. घटकांच्या यादीत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असेल, तर ते स्टेरॉइड आहे असे समजावे. दीर्घकाळ लावले असेल तर ते एकदम न थांबवता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. मुलांनाही येथे एक सूचना द्यावीशी वाटते. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी कोणी इंजेक्शन वा गोळी देऊ केली, तर तीही बहुधा पुरुषी संप्रेरकाची असते आणि तिच्यानेही पाठीवर व छातीवर मुरुमांचा मळा फुलतो.

पोटात घ्यावयाच्या गोळ्या

दुसरी आमची माजी विद्यार्थिनी. तेव्हा ती महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात होती. मुरुमे आणि अनियमित पाळी यांसाठी डॉक्टरांनी तिला २१ गोळ्यांचे पाकीट लिहून दिले. तिने ते कंपासपेटीत लपवले. एके दिवशी आईच्या हाती आतील माहितीपत्रक पडले. त्यावर ‘गर्भनिरोधक’ हा शब्द होता. पुढे काय झाले असेल, ते वाचकांनी ओळखले असेल. आईने काहीही न विचारता निष्कर्ष काढला. मुलीने अर्धे पाकीट फेकून दिले. अवेळी रक्तस्राव सुरू झाला आणि तो तिच्या ‘वर्तनाचा’ पुरावा मानला गेला.

वस्तुस्थिती अशी की मुरुमांवर दिल्या जाणाऱ्या या गोळ्या आणि सरकारी आरोग्य केंद्रात मिळणारी ‘माला-एन’ एकाच कुळातील आहेत. त्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन संप्रेरके असतात. त्यांमुळे बीजकोशातून होणारी अँड्रोजनची निर्मिती घटते आणि रक्तातील मोकळे अँड्रोजनही कमी होते. तेल कमी होते, मुरुमे ओसरतात. काही गोळ्यांत सायप्रोटेरोन वा ड्रोस्पायरेनोन हे अँड्रोजनला विरोध करणारे घटक असतात. गुण दिसायला सुमारे तीन महिने लागतात. आठ दिवसांत उजळवणाऱ्या औषधाविषयी शंका घ्यावी, ती यामुळेच.

मळमळ, स्तन दुखणे, डोकेदुखी, पाळीच्या मध्येच थोडे रक्त जाणे, मन उदास होणे हे दुष्परिणाम अनेकींना जाणवतात आणि बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत कमी होतात. काहींच्या गालांवर वांग येतो. क्वचित होणारा पण गंभीर धोका शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा आहे. युरोपीय औषध संस्थेच्या आकड्यांनुसार गोळी न घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांत वर्षाला सुमारे २ जणींना अशी गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७, तर ड्रोस्पायरेनोन असलेली घेणाऱ्यांत ९ ते १२ जणींना. धोका वाढतो हे खरे, आणि तो फार थोड्या जणींना होतो हेही खरे. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या तरच मुलीला निर्णय घेता येतो.

२०१३ च्या जानेवारीत फ्रान्सच्या औषध नियंत्रकांनी सायप्रोटेरोन असलेल्या ‘डायान-३५’ या मुरुमांवरील गोळीची विक्री थांबवण्याचे जाहीर केले. २५ वर्षांत ४ मृत्यू या गोळीशी जोडले गेले होते. मुरुमांसाठी मान्यता असलेली ही गोळी तेथे सर्रास गर्भनिरोधक म्हणून दिली जात होती. त्याच वर्षी युरोपीय संस्थेने फेरतपासणी करून निर्णय दिला की मध्यम ते तीव्र मुरुमे असतील आणि लावण्याच्या औषधांनी किंवा प्रतिजैविकांनी गुण आला नसेल, तरच ती द्यावी. आणि तिच्या जोडीला दुसरे संप्रेरक-गर्भनिरोधक घेऊ नये. औषध वाईट ठरले नाही. ते कोणाला, केव्हा द्यावे याची सीमा ठरली.

तिसरे औषध स्पायरोनोलॅक्टोन. मूळचे हे लघवी वाढवणारे, रक्तदाबावरचे औषध. ते अँड्रोजनचा परिणामही रोखते. त्याने वारंवार लघवी होणे, चक्कर येणे, पाळी अनियमित होणे असे त्रास होऊ शकतात, काहींच्या रक्तातील पोटॅशियम वाढते. गर्भावस्थेत ते घेऊ नये.

लपवल्याने काय घडले

आता त्या माजी विद्यार्थिनीच्या कथेतील खरा गंभीर भाग. तिला लहानपणापासून अर्धशिशी होती. डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांसमोर चकाकत्या रेषा येत. अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेनची गोळी देत नाहीत, कारण मेंदूच्या झटक्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी तिला डोकेदुखीविषयी विचारले होते. ती ‘नाही’ म्हणाली. शेजारी काकू बसल्या होत्या. मुलीला डोक्याचे दुखणे आहे हे सोयरिकीच्या वेळी नडेल, असे घरात तिला बजावलेले होते. गोळ्या सुरू झाल्यावर डोकेदुखी वाढली, तीही तिने कोणाला सांगितली नाही. कारण ती सांगायची तर गोळ्यांचेही सांगावे लागले असते. शेवटी ती आमच्या एका बाईंकडे येऊन रडली. बाई तिला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या आणि या वेळी तिने सगळे सांगितले. औषध बदलले. आज तिचा चेहरा बरा आहे आणि ती स्वतः नोकरी करते.

या प्रसंगी औषध आपल्या ज्ञात गुणधर्मांप्रमाणेच वागले. मुलीला धोक्यात नेले ते लाजेने.

ही लाज आपल्या समाजात नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यात वाचकांच्या खासगी शंकांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली तो खटला कर्व्यांच्या बाजूने लढवला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, पण शरीराविषयी प्रश्न विचारणे हा गुन्हा नाही, ही भूमिका एका मोठ्या बॅरिस्टरने न्यायालयात मांडली. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला. तो नामंजूर झाला. ज्या समाजाच्या नेत्याने हे प्रश्न विधिमंडळात नेले, त्या समाजातील मुलीने गोळ्यांचे पाकीट कंपासपेटीत लपवावे, याचा दोष आम्ही शिक्षक आणि पालक यांनी आपल्याकडे घेतला पाहिजे.

रुग्णाचे गुण, शुश्रूषकाचे गुण

विनयपिटकातील महावग्गात भगवान बुद्धांनी एका आजारी, दुर्लक्षित भिक्खूला आपल्या हातांनी स्वच्छ केल्याची कथा आहे. ती आपण मुलांना नेहमी सांगतो. तिच्या पुढेच कोणत्या रुग्णाची सेवा सुकर होते, याची गणना आहे. ती मात्र क्वचित सांगितली जाते. जो हिताचे तेच करतो, प्रमाण जाणतो, औषध घेतो, दुःख सोसतो आणि आपले दुखणे आहे तसे सांगतो. वाढले तर वाढले म्हणून, कमी झाले तर कमी म्हणून, तसेच राहिले तर तसेच म्हणून. दुष्परिणामांच्या बाबतीत आजचे वैद्यकशास्त्रही रुग्णाकडे हेच मागते. तेथे शुश्रूषकाचेही गुण सांगितले आहेत. तो मैत्रीभावाने सेवा करतो, किळस मानत नाही. पहिल्या मुलीला “अभ्यासाकडे लक्ष दे” म्हणणारे आम्ही या कसोटीला उतरलो नव्हतो.

म्हणून काही गोष्टी आम्ही आमच्यापुरत्या ठरवल्या आहेत आणि पालकांनाही सुचवतो. डॉक्टरांशी बोलताना मुलीला काही वेळ एकटे बसू द्यावे. अर्धशिशी, घरात कोणाला गुठळी झालेली असणे, यकृताचे विकार, मिश्री वा तंबाखूची सवय आणि क्षयरोगाची चालू औषधे हे सर्व न विचारताही सांगावे; क्षयावरील रिफॅम्पिसिन या गोळ्यांचा परिणाम कमी करते. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी धाप लागली, छातीत दुखले, असह्य डोके दुखले किंवा दिसेनासे झाले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तळवलीहून ऐरोली किंवा वाशीचे महापालिका रुग्णालय दूर नाही. औषधाचा दुष्परिणाम नोंदवण्यासाठी राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे; तेथे रुग्ण स्वतःही कळवू शकतो. आणि गोरेपणाचे मलम वसतिगृहात आणू नये. ज्या वर्णाच्या अभिमानाने आपल्या पूर्वजांना गावाबाहेर ठेवले, त्याचीच आस आपल्या मुलींच्या मनात ट्यूबमधून शिरू देणे आपल्याला शोभणारे नाही.

नववीतील त्या मुलीचा चेहरा बरा व्हायला वर्ष लागले. दुसऱ्या वर्षीच्या १४ एप्रिलला ती बोलायला उभी राहिली. गालांवर थोडे डाग होते, ओढणी खांद्यावर होती. तिने मुरुमांचा उल्लेख केला नाही; विषय महाडच्या सत्याग्रहाचा होता. कार्यक्रम संपल्यावर आठवीतील दोन मुली तिला बाजूला घेऊन काहीतरी विचारत होत्या. थोड्या वेळाने ती त्या दोघींना घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, “सर, यांना डॉक्टरांकडे न्यायचे आहे. यांच्याकडेही तीच ट्यूब आहे.”