जुन्या जिप्सीचा कार्बुरेटर काढावा का?

आमच्या धाकट्या बहिणीकडे 1992 सालची मारुती जिप्सी आहे. डेअरीला दूध, बाजाराला भाजी, रात्री-अपरात्री दवाखाना, सारे तिच्यावर. गेल्या पावसाळ्यात दाजींच्या छातीत कळ आली आणि गाडी काही केल्या सुरू होईना. शेजाऱ्यांच्या जीपने नेले, निभावले. तेव्हापासून भाच्याचे एकच पालुपद, "मामा, कार्बुरेटर काढून इंजेक्शन बसवू."

दोन्हींतला फरक शेतकऱ्याला अवघड नाही. ठिबकमधून खत सोडायला आपण व्हेंचुरी बसवतो. पाण्याचा वेग वाढतो, दाब घटतो आणि खत ओढले जाते. कार्बुरेटर तसाच, पाण्याच्या जागी हवा, खताच्या जागी पेट्रोल. किती ओढायचे ते जेटचे भोक ठरवते आणि ते भोक बदलत नाही. थ्रॉटल बॉडी त्याच जागी बसते, पण तिच्यात फवारणी पंपासारखे नोझल असते. ते किती वेळ उघडायचे हे छोटा संगणक ठरवतो. इंजिन थंड की गरम, ॲक्सिलरेटर किती दाबला, जळालेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, याकडे त्याचे लक्ष असते. सामुराई ही जिप्सीची सख्खी बहीणच. अमेरिकेत तिला 1990 च्या सुमारास अशीच यंत्रणा मिळाली.

आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते. ते आपल्याच उसा-मक्याचे, त्याला नावे ठेवणार नाही. मात्र एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 किलोच पुरते. जेट जुनेच राहिले की मिश्रणात हवा जास्त होते आणि थंड इंजिन कुरकुरते. इंजेक्शन हा हिशेब आपोआप जुळवते. पण इथेनॉल पाणी धरून ठेवते, जुने रबर खराब करते. त्यावर संगणकाचा इलाज नाही.

म्हणून सामान घेण्याआधी टाकी उतरवून पाहावी. गंज असेल तर त्याचा कण नोझलमध्ये अडकणारच. जुना यांत्रिक पंप 3 ते 5 पौंड दाब देतो. इंजेक्शनला कितीतरी जास्त लागतो, बाजारातल्या काही संचांना तर 58 पौंड. तेव्हा विजेचा पंप, टाकीकडे परतीची नळी आणि इंजेक्शनच्या दाबाचीच रबरी नळी हवी. इंजिन बंद पडताच पंप थांबेल अशी जोडणी पाहिजेच, नाहीतर फुटल्या नळीतून पेट्रोल उडत राहील. वास आला तर गाडी चुलीजवळ, गोठ्याजवळ मुळीच लावू नये, हे घरातल्या बायामाणसांनीही ध्यानात ठेवावे. सायलेन्सरची नळी गळत असेल तर बाहेरची हवा आत शिरून ऑक्सिजनचे माप चुकते आणि संगणक उगाच पेट्रोल वाढवतो. बॅटरी कमजोर असेल तर सगळेच ठप्प. कार्बुरेटरची गाडी ढकलून सुरू होई, ही होईलच असे नाही.

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतील फेरबदलांविषयी आहे. आधी आरटीओत विचारावे, मग पाना हाती घ्यावा.

भाच्याला म्हटले, प्रथम कॉम्प्रेशन मोज. तिसऱ्या सिलिंडरला कमी निघाले, व्हॉल्व्ह जळाला होता. तो बदलला, टाकी धुतली, नळ्या नव्या घातल्या, कार्बुरेटर साफ केला. आता गाडी सकाळी लगेच सुरू होते. इंजेक्शनचा हट्ट त्याने सोडलेला नाही. उसाचे बिल आले की बघू, असे बहीण म्हणते.