वाय, एम की एन? कर्नल बांधताना फाइल सिस्टिमचा निर्णय

नवा कर्नल बांधून होतो, संकलनात एकही चूक निघत नाही. यंत्र पुन्हा सुरू केले जाते आणि काही क्षणांत पडद्यावर ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ ही ओळ उमटून सारे थांबते. यंत्र शेजारच्या टेबलावर असेल तर जुना कर्नल निवडून दहा मिनिटांत सुटका होते. ते दुसऱ्या खंडातल्या डेटा सेंटरमध्ये असेल आणि दूरस्थ कन्सोलची सोय नसेल, तर अख्खी रात्र जाते. विशेष म्हणजे अशा वेळी डिस्कला बहुधा काहीही झालेले नसते. तिच्यावरचा एक बाइटही हललेला नसतो.

पेशवे दप्तरातला रुमाल सोडून कागद समोर पसरला, पण मोडी वाचणारा कोणीच नाही, अशी ही स्थिती आहे. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे. लिपी जाणणारा तेवढा गैरहजर आहे. डिस्कवर माहिती कोणत्या क्रमाने मांडायची, नावे कुठे लिहायची, मोकळी जागा कशी मोजायची याचे नियम म्हणजे फाइल सिस्टिम. लिनक्समध्ये प्रत्येक फाइल सिस्टिमचा वाचक हा कर्नलच्या कोडचा एक स्वतंत्र भाग असतो आणि कोणते वाचक सोबत घ्यायचे, हे कर्नल बांधणाऱ्याने ठरवायचे असते.

बहुसंख्य वापरकर्त्यांना हा निर्णय कधीच घ्यावा लागत नाही. उबुंटू, डेबियन किंवा रेड हॅट यांनी तो आधीच घेतलेला असतो आणि ‘कशाचीही गरज पडू शकते’ असे धरून जवळजवळ सारे वाचक सोबत दिलेले असतात. स्वतःचा कर्नल बांधण्याची वेळ येते ती छोट्या उपकरणांसाठी, आटोपशीर क्लाउड प्रतिमांसाठी किंवा संशोधनाच्या यंत्रसमूहांसाठी. त्या वेळी ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की समोर येणाऱ्या यादीत ‘फाइल सिस्टिम्स’ असा एक विभाग दिसतो आणि तिथल्या बहुतेक नोंदींपुढे तीन उत्तरे शक्य असतात. वाय म्हणजे तो वाचक कर्नलच्या मूळ प्रतिमेतच कायमचा बसवायचा. एम म्हणजे त्याचे वेगळे मॉड्यूल करून डिस्कवर ठेवायचे, गरज पडली की ते भरले जाईल. एन म्हणजे घ्यायचाच नाही.

एम हे उत्तर समंजस वाटते, आणि बव्हंशी ते तसे असतेही. मेमरी वाचते, कर्नल आटोपशीर राहतो. पण ज्या फाइल सिस्टिमवर खुद्द कार्यप्रणालीच वसलेली आहे, तिच्याबाबत हा समंजसपणा अंगाशी येतो. मूळ विभाग ईएक्सटी-४ मध्ये असेल आणि ईएक्सटी-४चा वाचक मॉड्यूल म्हणून त्याच विभागात पडलेला असेल, तर तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहिली. विभाग उघडल्याशिवाय मॉड्यूल मिळत नाही आणि मॉड्यूल मिळाल्याशिवाय विभाग उघडत नाही.

या कोंडीतून बाहेर पडायचे दोन मार्ग आहेत. पहिला सरळ आहे: मूळ विभागाची फाइल सिस्टिम आणि त्या डिस्कचा नियंत्रक, दोन्हींपुढे वाय लिहायचे. यातला दुसरा भाग अनेकांच्या ध्यानातून सुटतो. ईएक्सटी-४ बसवले, पण एनव्हीएमईचा किंवा आभासी यंत्रातल्या व्हर्टिओ डिस्कचा आधार मॉड्यूलच राहिला, तर वाचक हजर असूनही त्याच्या हाती कागद पडत नाही. दुसरा मार्ग इनिटरामएफएसचा. आवश्यक मॉड्यूल्सची छोटी गाठोडी बूटलोडर कर्नलसोबतच मेमरीत आणून ठेवतो. कर्नल ती मेमरीतच सोडतो आणि त्यातले मॉड्यूल वापरून खऱ्या डिस्ककडे वळतो. डिस्क कूटबद्ध असेल, एलव्हीएमवर असेल किंवा बीटीआरएफएस अनेक डिस्कांवर पसरलेली असेल, तर व्यवहारात हाच मार्ग उरतो. मात्र गाठोडी ज्या पद्धतीने दाबली आहे, ती सोडण्याची सोय कर्नलमध्ये असली पाहिजे. झेडएसटीडीने दाबलेली गाठोडी आणि झेडएसटीडीविना बांधलेला कर्नल ही जोडी पुन्हा त्याच पॅनिकपाशी नेऊन सोडते.

त्या ओळीच्या शेवटी कंसात येणारे दोन आकडे बारकाईने वाचण्यासारखे असतात. ‘अननोन ब्लॉक’ या शब्दांपुढे शून्य, शून्य असेल तर कर्नलला ते उपकरणच ओळखता आलेले नाही. अशा वेळी फाइल सिस्टिमच्या यादीत शोध घेण्यात अर्थ नाही, नियंत्रकाकडे पाहावे. आठ, एक असे आकडे असतील तर डिस्क सापडली आहे आणि तिच्यावरची लिपी वाचता आलेली नाही. शून्य, शून्यचे आणखी एक कारण अनुभवी माणसांनाही चकवते. बूटलोडरच्या ओळीत मूळ विभागाची ओळख यूयूआयडीने दिलेली असते, पण तो यूयूआयडी फाइल सिस्टिमच्या आत लिहिलेला असतो आणि इनिटरामएफएस नसेल तर कर्नल स्वतःहून तो शोधत नाही. विभागतक्त्यातला पार्टयूयूआयडी मात्र त्याला कळतो. एका शब्दाच्या बदलाने सुटणाऱ्या या अडचणीपायी लोक कर्नल तीन-तीनदा बांधतात.

डिस्कवर नसणाऱ्या फाइल सिस्टिम्सही विसरून चालत नाही. प्रोक, सिसएफएस, टीएमपीएफएस आणि डेव्हटीएमपीएफएस यांचे अस्तित्व केवळ मेमरीत असते. पण डेव्हटीएमपीएफएस गाळली तर सिस्टिमडी कामालाच लागत नाही. डॉकर चालवायचे तर ओव्हरलेएफएस हवी. उबुंटूची स्नॅप पॅकेजे स्क्वॉशएफएसवर अवलंबून असतात.

मराठी वापरकर्त्यांना थेट भिडणारा एक पर्याय याच विभागाच्या तळाशी असतो. त्याचे नाव ‘नेटिव्ह लँग्वेज सपोर्ट’, आणि नावावरून तो पडद्यावरच्या भाषेविषयी असावा असा समज होतो. प्रत्यक्षात तो फाइलनावांच्या वर्णसंचाविषयी आहे. पेन ड्राइव्हवरच्या फॅट फाइल सिस्टिममध्ये लांब नावे यूटीएफ-१६ मध्ये साठवलेली असतात आणि कर्नल ती ठरवून दिलेल्या वर्णसंचात उतरवून दाखवतो. हा संच पश्चिम युरोपीय आयएसओ ८८५९-१ असा राहिला आणि यूटीएफ-८ चालू केले नाही, तर ‘आजीचे पत्र’ किंवा ‘लग्नाचे फोटो’ अशा नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. तशी फाइल उघडायला गेले तर ती सापडत नाही. पेन ड्राइव्ह बिघडला असे समजून तो पुसून टाकणे ही यातली खरी हानी. यूटीएफ-८चा पर्याय देऊन तोच ड्राइव्ह पुन्हा जोडला की नावे जशीच्या तशी परत येतात. याच विभागातला कोडपेज ४३७ गाळला तर ईएफआय विभागही जोडला जात नाही, आणि तो विभाग एफएसटॅबमध्ये अनिवार्य म्हणून नोंदलेला असेल तर यंत्र आपत्कालीन अवस्थेत अडकते.

मग सगळ्यांपुढेच वाय किंवा एम का लिहू नये? कारण फाइल सिस्टिमचा कोड कर्नलच्या पूर्ण अधिकारांनिशी चालतो आणि मुद्दाम बिघडवलेली डिस्कप्रतिमा वाचताना त्यातली चूक घातक ठरू शकते. २०२३ मध्ये ओव्हरलेएफएसमध्ये उघड झालेल्या एका दोषामुळे यंत्रावरच्या साध्या वापरकर्त्याला प्रशासकाचे अधिकार मिळवता येत होते. प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या दोषांच्या यादीत अमेरिकेच्या ‘सिसा’ या यंत्रणेने त्याची नोंद २०२५ च्या जूनमध्ये केली. वापरात नसलेल्या क्रॅमएफएस, जेएफएफएस-२, एचएफएस यांसारख्या फाइल सिस्टिम्स बंद ठेवाव्यात असे सुरक्षाविषयक मार्गदर्शिका सांगतात, ते यासाठीच. छाटणीचा सोपा उपाय म्हणून ‘लोकलमॉडकॉन्फिग’ वापरला जातो. तो त्या क्षणी भरलेली मॉड्यूल्स पाहतो आणि बाकीची वगळतो. त्या क्षणी बाहेरचा ड्राइव्ह जोडलेला नसेल तर एक्सफॅट गेली, आणि हे लक्षात येते ते महिन्यांनी, कॅमेऱ्याचे कार्ड यंत्रात घातल्यावर.

बांधणाऱ्याने काही न करताही वाचक निघून जाऊ शकतो, ही बाब अधिक काळजीची आहे. रायझरएफएस २००१ च्या जानेवारीत २.४.१ या आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आली आणि पुढे काही वर्षे सुसे लिनक्सची नेहमीची निवड होती. २०२२ मध्ये ती कालबाह्य ठरवली गेली आणि २०२५ च्या जानेवारीतल्या ६.१३ मधून तिचा कोड काढला गेला. बीकॅशएफएस तर ६.७ मध्ये दाखल झाली आणि दोन वर्षे पुरी होण्याआधीच ६.१८ मधून बाहेर पडली; आता ती बाहेरून मॉड्यूल म्हणून बसवावी लागते. एक्सएफएसच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीच्या रचनेचा आधार २०३० च्या सप्टेंबरमध्ये पूर्णपणे काढण्याचे वेळापत्रक जाहीर आहे. त्या रचनेतले कालशिक्के २०३८ च्या जानेवारीपलीकडे जाऊच शकत नाहीत. आपला विभाग त्यातला आहे की नाही, हे ‘एक्सएफएस-इन्फो’च्या उत्तरातल्या सीआरसीपुढचा आकडा सांगतो: शून्य असेल तर जुनी रचना, आणि सगळी माहिती नव्या विभागात हलवण्याचे काम आले.

जुनी पर्यायांची फाइल नव्या कर्नलसाठी ‘ओल्डडेफकॉन्फिग’ने पुढे नेली, तर नाहीशा झालेल्या पर्यायांविषयी ती आज्ञा काही विचारत नाही. रायझरएफएसपुढचा वाय मुकाट्याने गळून पडतो. म्हणून नव्या फाइलची जुनीशी तुलना करावी आणि ‘प्रोक’खालची फाइल सिस्टिम्सची यादी जुना कर्नल चालू असतानाच उतरवून ठेवावी, पुन्हा सुरू केल्यावर ती ताडून पाहता येते. जुना कर्नल बूटलोडरच्या यादीतून लगेच काढू नये. कपाटात सुसेच्या काळातली एखादी डिस्क पडलेली असेल, तर ६.१२ किंवा त्याआधीचा, रायझरएफएसचा वाचक सोबत असलेला कर्नल यूएसबीवरून चालवावा, डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडावी आणि तिच्यावरचे सारे ईएक्सटी-४ वर उतरवून घ्यावे.