दिवा बाळकुमचा, भुई घुग्घुसची

बाळकुम नाक्यावरून कशेळीच्या पुलाकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावर दिवेलागणीच्या वेळी उभे राहिले असता, ज्या भूमीवर एके काळी आगरी-कोळ्यांची घरे, भाताची खाचरे आणि खाडीचा खारा वारा एवढाच काय तो ऐवज होता, त्याच भूमीवर तीस-तीस मजल्यांच्या खिडक्या एकामागून एक उजळताना दिसतात. हा उजेड येतो कोठून, असा प्रश्न येथे सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः वीज एकदा जाळ्यात मिसळली की ती कोणत्या खाणीच्या कोळशाची हे ओळखता येत नाही. तथापि चंद्रपुराहून भिवंडी तालुक्यातील पडघ्यापर्यंत 752 किलोमीटर धावणारी, 1999 साली सुरू झालेली आणि 1500 मेगावॅट वाहण्याची क्षमता असलेली एकदिश प्रवाहाची वाहिनी ज्या अर्थी आपल्या उंबरठ्याशी येऊन थांबते, त्या अर्थी तिचे दुसरे टोक पाहून येणे हे ठाणेकराचे कर्तव्यच ठरते.

त्या टोकाच्या मुलखात चंद्रपूरच्या पश्चिमेस, वर्धा नदीच्या काठी घुग्घुस हे गाव आहे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुका लागतो. ताडाळीहून फुटलेला रेल्वेचा फाटा येथवर येतो तो मुख्यत्वेकरून कोळशासाठी. बाजारात वऱ्हाडी वळणाच्या मराठीबरोबर तेलुगू आणि हिंदी सारख्याच मोकळेपणाने कानी पडते, कारण खाणीत उतरावयास माणसे आली ती चहूकडून. पंचवीस कोटी वर्षांपूर्वीची अरण्ये दबून झालेला गोंडवन काळाचा कोळसा या खोऱ्यात कापसाच्या काळ्या रानाखाली पसरला आहे. तो पोलाद गाळण्याच्या कामाचा नव्हे; त्याची योग्यता बाष्पकाची, आणि म्हणून त्याचे भाग्य प्रारंभापासून आगगाडी व वीजघर यांच्याशी बांधलेले.

या खोऱ्यातील कोळशाचा पहिला नामांकित अध्याय वरोऱ्याचा. सरकारने तेथे 1871 च्या सुमारास काम सुरू केले, कोळशासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आणला आणि 1906 साली ती खाण बंद केली. आज वरोऱ्याचे नाव निघाले की आनंदवन आठवते, खाण कोणास आठवत नाही. पुढे बल्लारपूर, लालपेठ, घुग्घुस, दुर्गापूर अशी नावे पुढे आली. 1973 च्या राष्ट्रीयीकरणाने मालक बदलले. आणि नागपुरास मुख्य कचेरी असलेल्या, लोक ज्याला नुसते ‘वेकोलि’ म्हणतात त्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचा अंमल या सर्व मुलखावर सुरू झाला.

भूमिगत खाणीची रीत अशी की, कोळशाच्या थरातूनच उभ्या-आडव्या वाटा कोरीत जावयाचे आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब छताच्या आधारास ठेवावयाचे. पुढे तेही खांब काढून घ्यावयाचे आणि जेथे शक्य तेथे नदीची वाळू पाण्यासह आत सोडून पोकळी भरावयाची. या अंधारात कामगाराचे खरे साधन दिवा नसून कान असतो. पाळी सुरू होण्यापूर्वी लांब दांड्याने छत ठोकून पाहतात; खणखणीत आवाज आला तर खडक घट्ट, बद्द आवाज आला तर थर सुटलेला, आणि त्याखाली उभे राहणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. पिढ्यान्‌पिढ्या या मुलखाने असे कान घडविले. परंतु खाण बंद झाली की ठोकून पाहणारे घरी जातात, पंप थांबतात, पोकळीत पाणी भरते, आणि वर गाव वाढत राहते.

शुक्रवार, 26 ऑगस्ट 2022 रोजी सायंकाळी घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एका घराची जमीन हादरू लागली. घरची माणसे बाहेर धावली, आणि त्यांच्या देखत ते घर 60-70 फूट खाली गडप झाले. भिंती कोसळल्या असत्या तर निदान विटा तरी समोर राहिल्या असत्या. येथे जागेवर एक खड्डा तेवढा उरला. जीवितहानी झाली नाही, ही दैवाची कृपा. पण आसपासच्या दीडशेहून अधिक कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्या वस्तीखाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. कोळसा कधीच जळून राख झाला होता; त्याची रिकामी जागा मात्र जशीच्या तशी शिल्लक होती.

आता या खाणींचे पुढे काय, याचे उत्तर सरळ नाही. देशाने 2070 सालापर्यंत कार्बनचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प सोडला आहे. त्याच देशाचे कोळसा उत्पादन 2024-25 मध्ये शंभर कोटी टनांपलीकडे गेले. चंद्रपूरचे 2920 मेगावॅटचे वीजघर आजही रोज कोळसा मागते. तेव्हा जुन्या भूमिगत खाणीला तूर्त भय सूर्याच्या विजेचे नसून शेजारच्या खुल्या खाणीचे आहे. तेथे यंत्रे थोड्या माणसांत अफाट माल काढतात, आणि भुयारातून निघालेला टन विक्रीच्या भावाहून महाग पडू लागतो. खुल्या खाणीची स्वतःची किंमत वेगळीच: सुपीक काळी माती तळाशी जाते, तळाचा मुरूम-दगड डोंगर होऊन माथ्यावर बसतो, त्यावर झुडपे माजतात आणि त्या झुडपांतून बिबटे व वाघ कामगार वसाहतींच्या कुंपणापर्यंत येतात. जमिनीच्या मोबदल्यात ज्याच्या बापाला नोकरी मिळाली, त्याच्या मुलाला ना शेत उरले ना खाणीची हमी. नागपूरजवळ सावनेर येथे वेकोलिने उद्यान उभारून खाण-पर्यटन सुरू केले, ते स्तुत्य होय. परंतु प्रत्येक खाणीचे उद्यान होणार नाही, आणि उद्यानाच्या तिकिटांवर कोळशाच्या गावाचा संसार चालणार नाही.

परत बाळकुमला आल्यावर एक भेद ठळकपणे जाणवतो. ठाण्यातही कारखाने बंद पडले. पोखरण मार्गावरची रेमंडची गिरणी थांबली, कोलशेतकडचे रासायनिक कारखाने गेले, कामगार देशोधडीला लागले. पण कारखाना जाताच त्याच्या जमिनीला सोन्याचे मोल आले. खाणीच्या गावाचे दुर्दैव असे की, तेथे उद्योग संपताच जमिनीचीही पत संपते, कारण पाय ठेवावा तेथे ती आपला भार घेईलच असा भरवसा कोणी देत नाही.

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो. जमिनीवर कोणाचा बोजा आहे, कोणाची वाट आहे, कोणाची विहीर आहे हे सारे त्यात नोंदविले जाते. खाली काय काढून नेले आणि त्या जागी काय भरले, याची नोंद करण्याची वहिवाट नाही. घुग्घुससारख्या गावांपुरती ती वहिवाट पाडावयास काय हरकत आहे? जुने नकाशे दफ्तरातून काढून, भुयारांच्या रेषा गट नंबरांवर उतरवून, घर बांधणाऱ्याला त्याच्या जोत्याखालची हकीकत उताऱ्यावरच वाचता यावी. छत ठोकून पाहणारी माणसे तेथे अजून हयात आहेत. मोजणीदाराबरोबर पहिल्या दिवशी त्यांनाच न्यावे.