ईद आणि ३१ मार्च

२०२५ साली ईद नेमकी ३१ मार्चला आली. माझी भाची मुंबईतल्या एका मोठ्या ऑडिट फर्ममध्ये आर्टिकलशिप करते. आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस, म्हणजे गोदामातला माल मोजायलाच हवा. शीरखुर्म्याचा डबा घेऊन पोरगी भिवंडीला गेली.

कंपनीच्या यादीत खोकी ४००, रॅकवर ३६०. "सणाचा दिवस आहे, ४०० लिहून मोकळ्या व्हा," गोदामवाला म्हणाला. तिने पुन्हा मोजून ३६०च लिहिले.

सीएची ही उमेदवारी २०२३पासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली. तीही इंटरमीडिएटचे दोन्ही ग्रुप सुटल्यावर! स्टायपेंड बेताचाच. आपाला वाटते, पोरीचे हाल होतात. मला तसे वाटत नाही.

रात्री नऊला दारातूनच तिने विचारले, "खालाजान, माझी ईदी?"