पांढुर्णा-सौंसरहून पुण्याला जाताना: घराबद्दल ऐकलेलं आणि खरं असलेलं

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा निघाला. नवं कलेक्टर ऑफिस आलं, पण शिकलेल्या पोरापोरींची वाट बदलली नाही. घरी संत्र्याचा बगीचा, कपाशी, बोरगावच्या कारखान्यांतल्या काही नोकऱ्या. त्यापलीकडे नागपूर, आणि नागपुरात जमलं नाही तर पुणे. निघणाऱ्याला घराबद्दलचा सल्ला भरपूर मिळतो. मामा सांगतात, शेजारचा दादा सांगतो, आधी गेलेला मित्र सांगतो. त्यातला बराचसा सल्ला मध्य प्रदेशातल्या वहिवाटीचा, नाहीतर वीस वर्षांपूर्वीच्या पुण्याचा असतो. बोली एक, पाहुणे-रावळे एक, म्हणून आपण धरून चालतो की कायदाही एकच असेल. तो एक नाही. हे वेळेवर कळलं नाही तर कुणाचं डिपॉझिट अडकतं, तर कुणाच्या घरची आयुष्याची कमाई अनधिकृत प्लॉटात जाते.

"अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?"

सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीने होतं, म्हणून आधी ही.

आपल्याकडे घर भाड्याने देताना स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार करतात, नोटरीचा शिक्का मारतात आणि विषय संपतो. त्यामागे कारण आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून मुदत अकरा महिनेच ठेवायची. महाराष्ट्रात ही पळवाट चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम ५५ सांगतं की भाडेकरार किंवा लीव्ह अँड लायसन्स करार लेखी असलाच पाहिजे आणि त्याची नोंदणी झालीच पाहिजे, मग मुदत अकरा महिन्यांची असो की पाच.

नोंदणीची जबाबदारीही भाडेकरूची नाही, घरमालकाची आहे. त्याने ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोलाची गोष्ट अशी की करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटी-शर्तींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. परक्या शहरात एकट्या पडलेल्या पोराच्या बाजूने कायदा इतका स्पष्ट उभा आहे, आणि आपल्यातल्या बहुतेकांना हे ठाऊकच नसतं.

खर्चाची भीतीही फोल आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्का लागतं. ते मुदतीतल्या एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्या रकमेवर काढतात. भाडं १५,००० रुपये, डिपॉझिट ४५,००० आणि मुदत अकरा महिने असेल तर शुल्क पाचशे रुपयांच्या आत बसतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. हे काम घरबसल्या, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइन होतं. एजंट त्याचे वेगळे पैसे घेतो, ते आधी विचारून घ्या.

करारात डिपॉझिटचा पूर्ण आकडा लिहिला आहे ना, घर सोडण्याची नोटीस किती दिवसांची आहे आणि किती महिन्यांच्या आत घर सोडता येणार नाही, एवढं तरी सही करण्याआधी वाचा. डिपॉझिट रोख देऊ नका, बँकेतून द्या. सामान हलवण्याआधी भिंती, नळ, पंखे यांचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवून ठेवा. हे शहाणपण कायद्यात लिहिलेलं नाही, पण डिपॉझिट परत मिळवताना याच गोष्टी उपयोगी पडतात. आणि दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं: मुदत संपली की घर सोडावंच लागतं. अडून बसलात तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाड्याएवढी भरपाई द्यावी लागते.

"दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट मागताच येत नाही"

केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, हे बरोबर. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. महाराष्ट्रात १९९९ चा कायदाच चालतो, तेव्हा डिपॉझिट हा घासाघीस करण्याचा विषय आहे. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते 'नॉन-ऑक्युपन्सी' शुल्क मात्र मालकाचा भार आहे, आणि तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. ते वेगळं मागितलं तर नम्रपणे नाही म्हणा.

"लांब घ्या, स्वस्त पडतं"

पुणे आता किती पसरलंय याचा अंदाज गावाकडून येत नाही. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली, आणि तेव्हा पुण्याची हद्द ५१६ चौरस किलोमीटरवर गेली, मुंबई महापालिकेपेक्षाही मोठी. पिंपरी-चिंचवड त्यात नाही, हिंजवडीही नाही. म्हणजे "पुण्यात नोकरी लागली" या वाक्यावरून घर कुठे बघायचं हे अजिबात कळत नाही. ऑफिस खराडीत आहे, हडपसरला आहे, चाकणला आहे की हिंजवडीच्या टप्पा तीनमध्ये, यावर सगळं ठरतं.

टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक अहवालात पुणे जगात चौथ्या क्रमांकावर होतं. १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. हा आकडा घेऊन हिशेब करू. घर ऑफिसपासून १५ किलोमीटर असेल तर जायला ५० मिनिटं, यायला ५० मिनिटं. महिन्यात २२ दिवस कामाचे धरले तर साडेछत्तीस तासांहून जास्त वेळ रस्त्यावर जातो. आठ तासांच्या दिवसाने मोजलं तर साडेचार दिवसांची ही बिनपगारी नोकरी. शिवाय गाडीचं पेट्रोल, पाठदुखी, पावसाळ्यातले खड्डे. पाच किलोमीटरवरच्या घराचं भाडं तीन-चार हजारांनी जास्त असेल तर ते महाग म्हणायचं की स्वस्त, हे प्रत्येकाने स्वतःच्या पगाराचा तास काढून पाहावं. माझं मत ठाम आहे: पहिल्या दोन वर्षांत मोठं घर शोधू नका, जवळचं शोधा. एक खोली कमी चालते, रोजचे दोन तास कमी झालेले चालत नाहीत.

घर रविवारी दुपारी बघायची रीत आहे, आणि तीच फसवते. रविवारी वाघोली ते खराडी कसं, असं विचाराल तर उत्तर एक मिळेल. सोमवारी सकाळी नऊ वाजता त्याच रस्त्यावर उभं राहिलात तर दुसरं. टोकन देण्याआधी कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेला तो रस्ता एकदा जाऊन बघा.

"मेट्रोजवळ आपल्याला परवडणार नाही"

पुण्याची मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट हा मार्ग सलग झाला. दुसरा मार्ग वनाझहून रामवाडीला जातो. स्टेशनला लागून उभे राहिलेले नवे टॉवर महाग आहेतच. पण कासारवाडी, दापोडी, बोपोडी, खडकी या जुन्या वस्त्यांमध्ये लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारती आहेत, आणि तिथे अजून साध्या भाड्याची घरं मिळतात. ती मोठ्या जाहिरातींत दिसत नाहीत; वस्तीत फिरून, किराणा दुकानात विचारून मिळतात. विद्यार्थ्यांना आणि शनिवार-रविवारी सगळ्यांनाच मेट्रोच्या भाड्यात ३० टक्के सूट असते.

"आपण मराठी, म्हाडात अर्ज भरू"

१९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण इकडे राहिलो. नाती तुटली नाहीत, कागद मात्र वेगळे झाले. म्हाडाच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, घरांच्या सोडतीला त्या राज्याचं अधिवास प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. मातृभाषा मराठी असणं तिथे पुरत नाही. सीमाभागाच्या सवलतींबद्दल कुणी सांगत असेल तर तीही आपली गोष्ट नव्हे. महाराष्ट्र सरकार ज्या ८६५ गावांचा विचार करतं ती कर्नाटकातली आहेत. मात्र आजपासून महाराष्ट्रात राहण्याचे पुरावे, म्हणजे नोंदणीकृत भाडेकरार आणि वीजबिलं, वर्षावार जपून ठेवा. ते पुढे लागतील.

केंद्राच्या योजनेला अशी राज्याची अट नाही. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये वार्षिक ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी आणि २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर, जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांचं व्याज अनुदान पाच हप्त्यांत मिळतं. अट अशी की कुटुंबाचं देशात कुठेही पक्कं घर नसावं. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. त्यामुळे लग्न झालेल्या मुलाला, सौंसरचं घर वडिलांच्या नावावर आहे एवढ्यावरून, आपण अपात्र आहोत असं मानून बसायचं कारण नाही.

"भाडं म्हणजे पैसे पाण्यात"

वडीलधारी मंडळी हे मनापासून सांगतात. ज्यांनी घाम गाळून चार खोल्या बांधल्या त्यांना भाडं टोचणारच. तरी आकडे बघू. समजा ६० लाखांचा फ्लॅट आहे, १२ लाख हाताशी आहेत आणि ४८ लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं. हप्ता साधारण ४१,६०० रुपये. त्यातले पहिल्या वर्षी महिन्याला जवळजवळ ३४,००० निव्वळ व्याजात जातात. तसाच फ्लॅट वीस हजारांच्या आसपास भाड्याने मिळत असेल तर पाण्यात जास्त काय गेलं? शिवाय पुण्यात खरेदीला ७ टक्के मुद्रांक शुल्क लागतं (बाईच्या नावावर एक टक्का कमी), आणि नोकरी बदलून ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं तर घर सोबत नेता येत नाही. घर घ्यावंच, पण नोकरीची जागा स्थिर झाल्यावर.

घेणार असाल तर एक उपयोगाची गोष्ट. ४५ लाखांपर्यंतच्या बांधकाम सुरू असलेल्या 'परवडणाऱ्या' घरावर जीएसटी १ टक्का असतो, बाकीच्यांवर ५ टक्के. त्यासाठी महानगरांत ६० चौरस मीटर कार्पेटची मर्यादा आहे, पण त्या महानगरांच्या यादीत पुणे आणि नागपूर नाहीत. आपल्याला ९० चौरस मीटर चालतात. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटीच नाही. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. रेरा कायद्याने तशी मनाई आहे.

"नागपूरच्या प्लॉटची रजिस्ट्री झाली, आता काळजी नाही"

काळजी तिथूनच सुरू होते. चार पैसे हाती आले की आपल्याकडची माणसं नागपूरच्या कडेला प्लॉट बघायला जातात. रजिस्ट्री म्हणजे व्यवहाराची नोंद. लेआउट मंजूर आहे याचा तो पुरावा नाही. आपण खसरा आणि डायव्हर्शन बघायला सरावलेलो असतो. तिकडे सातबारा, फेरफार, अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा बघायचा. शहरातल्या जुन्या लेआउटमध्ये नागपूर सुधार प्रन्यासचं नियमितीकरणाचं पत्र, ज्याला तिथे 'आरएल' म्हणतात, ते मागायचं. शहराबाहेरच्या ७१९ गावांसाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, तेव्हा कागद त्या कार्यालयाचा हवा.

"पुढे गुंठेवारीत होऊन जाईल" हे विकणाऱ्याचं ठरलेलं वाक्य आहे. अनधिकृत तुकड्यांचे प्लॉट नियमित करणारा गुंठेवारी कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांपुरती वाढवली. त्यानंतर पाडलेल्या तुकड्याला त्याचा आधार नाही. ५०० चौरस मीटरहून मोठ्या प्लॉटिंगला महारेराचा क्रमांकही लागतो, आणि तो क्रमांक सौंसरमध्ये बसून मोबाइलवर तपासता येतो.

"पुण्यात मजा करायला मोठा पगार लागतो"

मॉलमध्येच मजा करायची असेल तर लागतो. नाहीतर वेताळ टेकडी आहे, तळजाई आहे, पर्वती आहे. तिकीट नाही, आणि पहाटे तिथे सगळ्या वयांची माणसं भेटतात. १८४८ साली सुरू झालेलं पुणे नगर वाचन मंदिर आहे. १९६४ पासूनचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. भरत नाट्य मंदिरात कॉलेजच्या पोरांच्या एकांकिका बघाव्यात. गणपतीत पेठांमधले देखावे पायीच बघायचे असतात. जून २०२५ च्या भाडेवाढीनंतरही पीएमपी बसचा दिवसाचा पास ७० रुपयांचा आहे. चार मित्रांनी मिळून एक रविवार अख्खं शहर पालथं घालायला प्रत्येकी एक पास पुरतो.

पण या सगळ्याला संध्याकाळ मोकळी लागते, आणि आठवड्याच्या शेवटी अंगात जीव लागतो. म्हणून घर बघताना खोल्या मोजून झाल्या की दलालाला आणखी तीन गोष्टी विचारा: चालत जाण्याजोगी टेकडी किंवा बाग कुठे आहे, सर्वांत जवळचं वाचनालय कुठलं, आणि रात्री दहानंतर इथे शेवटची बस किती वाजता येते.